फोटोमागची ओळ

जुना फोटो हातात आला की मी तो आधी उलटा करून बघते. मागे शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असतं, स्टुडिओचा जांभळा शिक्का असतो, कधी नुसता महिना आणि साल. ‘धाकटीच्या बारशाला, श्रावण’ एवढ्यावरून घर, वर्ष, माणसं सगळं लागत जातं. मागची बाजू कोरी असेल तर मात्र पुढे कितीही देखणी माणसं बसलेली असोत, ओळखणारं शेवटचं माणूस गेलं की तो फोटो कुणाचाच राहत नाही.

सांगलीतले ओळखीचे लोक फोटो घेऊन माझ्याकडे येतात. विचारतात ते बहुतेक रंगांबद्दल. हा लाल पडलाय, त्यात डाग आलाय, चेहरा जरा उजळता येईल का. यातलं पुष्कळसं करता येतं आणि कसं करायचं ते पुढे सांगतेच. पण माझं मत असं आहे की फोटोवर करायचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे त्याला एक ओळ जोडणं. कोण, कुठे, केव्हा. रंग दहा वर्षांनीही सुधारता येतील, उलट तेव्हा अधिक चांगले सुधारता येतील. नावं तेव्हा मिळणार नाहीत.

हे मत २०१९ च्या पुरानं पक्कं झालं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागात पाणी उतरल्यावर लोकांनी धान्य काढलं, गाद्या काढल्या, आणि मग कपाटांच्या खालच्या कप्प्यांतून अल्बम निघाले. अल्बम जड म्हणून घरोघरी खालच्याच कप्प्यात असतात. गाळानं माखलेले, एकमेकांना चिकटलेले. कितीतरी घरांत ते उन्हात टाकले गेले, आणि तिथेच घात झाला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. तो भिजला की फुगतो, आणि दोन फोटो तोंडाला तोंड लावून वाळले की एकच होतात. मग ओढून काढले तर एकाचं तोंड दुसऱ्यावर राहतं.

सांगलीकरांनी हे लक्षात ठेवावं, कारण पूर २००५ ला आला होता आणि २०२१ लाही आला. ओले फोटो एकमेकांना चिकटलेले वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, आपोआप सुटे होऊ द्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, गाळ हलक्या हातानं धुऊन जाऊ द्या. मग टीपकागदावर चित्र वर करून सावलीत पसरा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई उतरते. पाण्यातही दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत, थर सुटायला लागतो. एवढे फोटो हाताळायला त्या धांदलीत वेळ कुणाला असतो? मग मधे बटर पेपर घालून गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला फोटो महिनाभरानंतरही सोडवता येतो. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, त्यांची शाईच धुऊन जाईल. फ्रेमच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढू नये. काचेसकट स्कॅन करावा. आणि ज्यांची निगेटिव्ह घरात आहे ते नंतर घ्यावेत, ज्यांची नाही ते आधी.

त्या वेळी चित्रं बरीच वाचली. मागची शाई वाहून गेली. फाउंटन पेननं सुवाच्य लिहिलेली नावं निळा डाग होऊन राहिली, आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेली जशीच्या तशी टिकली. म्हणून छापील फोटोमागे आजही लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनंच, कडेला, दाब न देता.

आता स्कॅनिंग. साधा सपाट काचेचा स्कॅनर पुरतो. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबानं, घेतला की २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रतिमा होते, आणि लॅबमध्ये ३०० डीपीआयनं छापायला दिली तर तिची ८ बाय १२ ची प्रत निघते. म्हणजे लांबी-रुंदीनं मूळ फोटोच्या दुप्पट. घरच्यासाठी याहून जास्त लागत नाही. पासपोर्टएवढे चिमुकले कृष्णधवल फोटो १२०० वर घ्यावेत, आणि ३५ एमएमची निगेटिव्ह ३२०० वर. मूळ स्कॅन टिफ या काहीही न गाळणाऱ्या फाइलप्रकारात ठेवावा, कारण नेहमीचा जेपेग दर वेळी नव्यानं साठवताना थोडी माहिती टाकून देतो. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. हे लोकांना फार कंटाळवाणं वाटतं. पण शिक्क्यातला स्टुडिओचा पत्ता, कागदाच्या कंपनीचा छाप, पुसट आकडे यांतून पुढे साल काढता येतं.

कृष्णधवल फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करायचा. याचं कारण मला फार आवडतं. रंगीत प्रतिमा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांची असते, त्यांना चॅनेल म्हणतात. पाण्याचा पिवळट-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. रंगीत स्कॅन असेल तर गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही चॅनेल वेगळे करून नुसता लाल घ्यायचा. शेजारचा भाग डागावर उतरवणारा क्लोन ब्रश तासन् तास फिरवून जो डाग निघाला नसता तो क्षणात विरतो, आणि त्याखालचं लुगड्याचं काठपदर खरंखुरं असतं, आपण रंगवलेलं नसतं.

नावांचं काम मी मिरजेच्या आत्याबरोबर बसून करते. तिची नजर आता अधू झाली आहे, पण लॅपटॉपवर चेहरा मोठा करून दाखवला की ती सांगते. इथे स्कॅनिंगचा खरा उपयोग कळतो. हातातल्या फोटोत नखाएवढा असलेला चेहरा पडद्यावर तळव्याएवढा होतो. आमच्याकडे नाटकातल्या पोशाखातला एक ग्रुप फोटो आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं, तेव्हापासून या गावात नाटकाचं वेड आहे, आणि गावभागातल्या जुन्या घरांत असा एखादा फोटो सापडतोच. दाढ्यामिशा, टोप, गळ्यात खोट्या मोत्यांच्या माळा; ओळखायचं कुणाला? आत्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “अगं, हा नारद म्हणजे तालमीजवळच्या शिंप्याचा थोरला. कान बघ ना त्याचे.” मग त्या कानावरून ती शेजारच्या बिऱ्हाडावर गेली, तिथून त्यांच्या विहिरीवर, तिथून त्या वर्षीच्या गणपतीत झालेल्या प्रयोगावर. मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत होते. लिहून घ्यायला बसलं की माणूस थांबून थांबून बोलतं आणि मधलं सगळं गळतं.

साल ठरवायला फोटोतल्याच वस्तू उपयोगी पडतात. नदीकाठच्या फोटोत आयर्विन पूल दिसत असेल तर तो १९२९ नंतरचा. खांद्यावरचं मूल कोण ते कळलं की त्याच्या वयावरून दोन-तीन वर्षांच्या आत येता येतं. नक्की नसेल तिथे ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहावं. अंदाज खात्रीसारखा लिहिला की पुढची पिढी त्यावर वंशावळ उभी करते.

ही माहिती लिहायची कुठे, हा तांत्रिक प्रश्न आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. फोटोच्या फाइलच्या आत शब्द ठेवायला जागा असते. कॅमेरा स्वतः लिहितो ते एक्झिफ: तारीख, लेन्स, कधी ठिकाण. माणसानं लिहायचं ते मथळा, नावं, कीवर्ड. यासाठी आधी आयपीटीसी नावाची पद्धत होती. ती ज्या काळात ठरली तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत, रूढ नव्हता, त्यामुळे तिच्यात देवनागरी लिहिलं तर काही सॉफ्टवेअरांत नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. २००१ मध्ये अडोबीनं एक्सएमपी आणलं, ते मुळातच युनिकोडवर आहे. मराठी ओळ त्यात सुखरूप राहते. तेव्हा जे सॉफ्टवेअर वापराल त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा की ते मथळा आणि नावं एक्सएमपीत, आणि शक्यतो फाइलच्या आतच, लिहितंय ना.

मी डिजिकॅम वापरते. फुकट आहे, चेहरे ओळखतं, आणि सांगितलं तर नावं फाइलमध्ये लिहितं. लाइटरूम क्लासिक पैशांचं आहे आणि उत्तम आहे, पण त्याची रीत समजून घ्यायला हवी. त्याच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, फोटोंबद्दलच्या नोंदी असतात. फाइल बाहेरून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की त्याला ती सापडत नाही, आणि बदल एक्सएमपीत आपोआप लिहिण्याचा पर्याय सुरू केला नाही तर सगळं लिखाण त्या कॅटलॉगपुरतंच राहतं. गूगलचं पिकासा हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर आठवत असेल. सांगलीतल्या कितीतरी घरच्या कॉम्प्युटरांवर तेच होतं, लोकांनी त्यात चेहऱ्यांना हौसेनं नावं दिली होती. २०१६ मध्ये गूगलनं ते बंद केलं. ज्यांची नावं फक्त पिकासाच्या यादीत होती त्यांची ती कॉम्प्युटरबरोबर गेली. आज गूगल फोटोजमध्ये दिलेल्या नावांचंही असंच आहे. सगळा साठा उतरवून घेतला तर ती नावं फोटोच्या आत येत नाहीत. सॉफ्टवेअर निवडताना मी एवढीच परीक्षा लावते: उद्या हे बंद पडलं तर माझी ओळ फोटोसोबत राहील का?

फाइलच्या नावात मात्र देवनागरी नको. आत मराठी, बाहेर रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. जुनी सॉफ्टवेअरं, झिप फाइली, लॅबमधली यंत्रं देवनागरी नावांवर अडखळतात, आणि मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे कॉम्प्युटर एकाच क्रमात लावत नाही. वर्ष, महिना, दिवस, मग थोडक्यात प्रसंग, या क्रमानं नाव दिलं की सगळं आपोआप काळाच्या क्रमानं लागतं. स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅनच्या दिवसाची तारीख पडते, ती बदलून मूळ फोटोची घालावी. नाहीतर पणजोबा या वर्षीच्या दिवाळीच्या फोटोंत जाऊन बसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचं थोडक्यात सांगते. पाठवताना त्यांचा आकार कमी होतो आणि आतली सगळी माहिती पुसली जाते. फाइलच्या नावात तारीख दिसते, पण ती फोटो काढल्याची नव्हे. नातेवाइकांना विनंती करायची की जुना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा येतो.

मोबाइलमधले हजारो फोटो निवडायची माझी पद्धत साधी आहे. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो. इथे उलट करायचं, ठेवायचे ते उचलायचे. वाईट फोटो शोधत बसलं की प्रत्येकाची दया येते. समारंभ झाला की त्याच आठवड्यात एक झरझर फेरी, आवडलेल्यांना एक तारा. दुसऱ्या दिवशी ताऱ्यांमधूनच दुसरी फेरी. उरलेल्यांवर एडिटिंग, आणि त्याच बैठकीत नावं. त्याच आठवड्यात हे महत्त्वाचं, कारण नवऱ्या मुलाच्या मावशीच्या जाऊबाईंचं नाव आठवड्यानंतर कुणालाच आठवत नाही.

एडिटिंगबद्दल बोलायचं तर सांगलीत सगळ्यात अवघड रंग हळदीचा. लग्नातली हळद असो की मार्केट यार्डातल्या हळदीच्या राशी, कॅमेऱ्याचा दोनदा गोंधळ होतो. चौकटभर पिवळं दिसलं की ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून आपोआप रंग जुळवणाऱ्या सोयीला, वाटतं प्रकाशच पिवळा आहे, आणि ते सगळं निळसर करून टाकतं. हळद फिकट आणि माणसं आजारी दिसतात. दुसरं, गडद पिवळ्यात लाल चॅनेल सगळ्यात आधी काठोकाठ भरतो. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल चॅनेल २५५ या कमाल आकड्याला टेकलेला असतो, आणि हळदीतले कण, बोटांचे ठसे, गालावरचा ओघळ सगळं सपाट होतं. म्हणून हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघावा आणि हळदीचे फोटो किंचित कमी उजेडाचे काढावेत. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, असेल तर फार बरं. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे ओढाताण करायला जागा राहते. व्हाइट बॅलन्स हळदीवरून नव्हे, तर त्याच मांडवातल्या एखाद्या पांढऱ्या सदऱ्यावरून घ्यायचा आणि तोच त्या जागच्या सगळ्या फोटोंना एकदम लावायचा.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतात, कारण त्या कागदांमधला निळा-हिरवा, म्हणजे सायन, रंग आधी उडतो. एकाच ब्राइटनेसच्या स्लायडरनं हे सुधारत नाही. सॉफ्टवेअरमधलं लेव्हल्स हे साधन उघडून लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही चॅनेलचे काळे आणि पांढरे टोक वेगवेगळे बसवायचे. बहुतेक फोटो एवढ्यानंच उठून येतात. मग पांढरं तपासायला आजोबांची टोपी किंवा धोतर असतंच. पण तेव्हा कपड्यांना नीळ देत, हे विसरू नये. ते पांढरं किंचित निळसरच होतं. पांढरं निवडायचं पिपेट टोपीवर टेकवून ते पूर्ण पांढरं केलं की बाकीचा फोटो पिवळट होतो. थोडी नीळ राहू द्यावी.

बाकीचा क्रम सोपा आहे. आधी सरळ करणं आणि कापणं, मग व्हाइट बॅलन्स, उजेड, काळं-पांढरं, त्यानंतर रंग, आणि शार्पनिंग, म्हणजे कडा ठसठशीत करणं, अगदी शेवटी, कारण ते छापायच्या किंवा दाखवायच्या आकारावर ठरतं. बाहेर द्यायची प्रत एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या रंगपद्धतीत, जेपेग. मूळ टिफला हात लावायचा नाही.

चेहरा उजळायची मागणी मी मानत नाही. माझी आजी सावळी होती. तिच्या काळच्या स्टुडिओवाल्यानं तिला ब्रशनं गोरी केली आहे, आणि तिचा जो एकच न सुधारलेला फोटो आहे त्यातच ती मला आजी म्हणून भेटते. उजेड कमी पडला असेल तर सावल्या उचलाव्यात, डोळे दिसू द्यावेत. कातडीचा रंग त्या माणसाचा आहे. हेच मी चेहरा स्पष्ट करणाऱ्या नव्या एआय साधनांबद्दल म्हणेन. धूसर चेहऱ्यात जी माहिती नाहीच ती त्यांना कुठून मिळणार? असंख्य अनोळखी चेहऱ्यांवरून शिकून ती डोळे, ओठ, दात भरतात. फोटो लखलखीत होतो आणि त्यातलं माणूस कुणीतरी दुसरंच होतं. त्या नारदाला अशा साधनातून काढला असता तर पहिल्यांदा त्याचे कान बदलले असते. कुणाला हौस म्हणून हवाच असेल तर वेगळी फाइल करावी आणि मथळ्यात ते स्पष्ट लिहावं.

उरला बॅकअप. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ चा नियम सगळीकडे सांगितला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. सांगलीत ‘दुसऱ्या जागी’ याचा अर्थ पूररेषेबाहेर. हार्ड डिस्क हरभट रोडवरून गणपती पेठेत नेली तर ती दुसऱ्या घरात गेली, दुसऱ्या जागी नाही. माझी एक प्रत घरी वरच्या मजल्यावर, एक क्लाउडवर, आणि एक मिरजेला आत्याच्या कपाटात असते. क्लाउडवर फुकट जागा बेताचीच. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून संपली आणि आता मेल, ड्राइव्ह सगळं मिळून १५ जीबी मिळतात. टिफ फाइली एकेक पंचवीस एमबीच्या होतात, त्यामुळे तिथे मी नावं-मथळे घातलेली जेपेगच ठेवते. टिफ दोन डिस्कवर.

आत्याकडे दिवाळीच्या फराळाला गेले की मी तिथली डिस्क बदलते, आणि बदलायच्या आधी जुनी जोडून वेगवेगळ्या सालांचे फोल्डर खरोखर उघडून बघते. फाइलची यादी दिसली म्हणजे फाइल उघडतेच असं नाही. फोटो उघडला पाहिजे, आणि आतला मराठी मथळा नीट वाचता आला पाहिजे. आत्या शेजारी बसलेली असतेच. गेल्या खेपेला तिनं नाटकाच्या त्या फोटोत मागच्या रांगेतला एक राक्षस ओळखला. त्याचं नाव आम्ही फराळ बाजूला सारून तिथेच लिहिलं.